इंदूचे चिंचोके

मागच्या महिन्यात मी धाकट्या बहिणीकडे, इंदूकडे, निघाले होते. परभणीहून एसटी, देवगाव फाट्याला उतरायचं, तिथून पुढं जीप. शेजारच्या बाकावर एक तरुण शिक्षक बसला होता. शिक्षक आहे हे त्याच्या फोनवरच्या बोलण्यावरूनच कळलं. "उद्या तपासणीचं पथक यायलंय," तो कुणाला तरी सांगत होता. "ती कच्ची चार पोरं येऊ देऊ नका. घरी निरोप धाडा, म्हणावं उद्या सुट्टी हाय." बोलून झाल्यावर त्याने शेंगदाण्याची पुडी सोडली आणि घ्या म्हणून माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, "गुरुजी, ती चार पोरं तुमच्या शाळेची न्हाईत का?" तो म्हणाला, "हायेत की, आजी. पण पथक एकेकाला वाचायला लावतंय. ही वाचायला बसली की दिवस मावळतो. शाळेचं नाव खराब व्हायलंय." चांगला मुलगा होता. वाईट असता तर मला एवढा राग आला नसता. मी त्याचे शेंगदाणे घेतले नाहीत आणि फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.  म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. ज्यांनी हे म्हणून ठेवलंय त्यांना माझ्यासारखी म्हातारी भेटली नसावी.

कारण कच्च्या पोरांनी उद्या यायचं नाही, हे वाक्य मला पहिल्यांदा झोंबलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि ते माझ्या वडिलांच्या तोंडचं होतं. आमचं गाव पेडगावच्या पलीकडचं, सातवीपर्यंतची शाळा असलेलं. अण्णा त्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि पहिली-दुसरीचा वर्गही त्यांच्याकडेच. शाळा आणि आमचं घर यांच्यामध्ये एक बोळ होता आणि एक चिंचेचं झाड. त्यामुळे शाळा आमच्या स्वयंपाकघरातच भरते असं वाटायचं. सकाळी आई काटवटीत पीठ मळायला बसली की पलीकडून पोरांचा एकसुरी आवाज सुरू व्हायचा, क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, आणि आईचा हात नकळत त्या ठेक्यावर पडायचा. भाकरी थापता थापता ती त्यांच्याबरोबर पुटपुटायची. आईला सगळी बाराखडी तोंडपाठ होती, क पासून ज्ञ पर्यंत, एक वेलांटी चुकायची नाही. आणि आईला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. अण्णा याची आल्यागेल्यापुढं थट्टा करायचे. "आमच्या घरात सरस्वती हाय, फक्त आंधळी हाय," म्हणायचे. आई हसायची. आपल्या वर्गातली निम्मी पोरं आईसारखीच आहेत हे या माणसाला त्या थट्टेत एकदाही दिसलं नाही, याचं मला आज नवल वाटत नाही. राग येतो.

अण्णांचा वर्ग म्हणजे एक आवाज होता. साठ तोंडं, एक आवाज. पुस्तकातला धडा ते आधी स्वतः म्हणायचे, मग पोरं म्हणायची, आणि आठवडाभरात धडा असा पाठ व्हायचा की पोरं चित्र बघून सुरू करायची आणि शेवटच्या पूर्णविरामाला बरोबर थांबायची. बोट ओळीवरून फिरत असायचं, फक्त बोटाचा आणि तोंडाचा काही संबंध नसायचा. कुणी पान उलटायचं विसरलं तरी त्याचं वाचन अडत नसे. मला वाटतं अण्णांनाही हे ठाऊक होतं. पण त्यांना ते वाचनच वाटायचं, कारण त्यांनाही त्यांच्या गुरुजींनी असंच शिकवलेलं, आणि ते हुशार असल्यामुळे आपल्याला वाचता कसं येऊ लागलं हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. हुशार माणसाच्या हाती कच्चं पोर सोपवू नये. आपण चालायला कसे शिकलो हे आठवत नसलेला माणूस लंगड्याला काय शिकवणार.

आणि इंदू त्या आवाजात नव्हती. ती आठ वर्षांची, दुसरीत दुसऱ्यांदा बसलेली. तोंड बंद ठेवून बसायची. आधी तीही ओरडायची, पण ती चुकीचं ओरडायची, आणि साठ आवाजांतून चुकीचा आवाज हुडकून काढण्यात अण्णांचा कान तयार होता. रूळ घेऊन ते तिथं पोहोचायचे. गुरुजींची पोर म्हणून तिला दोन फटके जास्त, म्हणजे गावाने पक्षपात म्हणू नये. मग तिने ओरडणंच सोडलं. बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, "गुरुजीच्या घरात दिव्याखाली अंधार." हे अण्णांच्या कानावर यायचं. अण्णांना फटक्यांचं काही वाटत नव्हतं, या बोलण्याचं फार वाटायचं.

मी आदल्या उन्हाळ्यात सातवी पास होऊन घरी बसलेली. जून उजाडला की मला परभणीला आत्याकडे पाठवायचं, आठवीत घालायचं, असं अण्णांच्या मनात होतं. नक्की ठरलेलं नव्हतं, "बघू" या शब्दावर लटकलेलं होतं. गावातल्या एकाही पोरीने सातवीपुढं शाळा बघितली नव्हती. त्यामुळे मी घरात अगदी शहाण्यासारखी वागत होते, न सांगता झाडत होते, न सांगता अण्णांच्या टोप्या धूत होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढं मी जे केलं नाही त्याचं मूळ इथं आहे.

तर त्या रिकाम्या महिन्यांत इंदूला शिकवावं असं मी मनात घेतलं. मोठेपणा काही नव्हता. तिला मार बसला की रात्रीचं जेवण सगळ्यांचंच बिघडायचं, एवढंच. चुलीपाशी आम्ही बसायचो. आई भाकरी थापायची, मी तव्यावरची भाकरी उलटायची, इंदू पीठ चाळायची. मी पाटीवर अक्षर काढून दाखवायची आणि इंदू माझ्या तोंडाकडे बघायची. असे पंधरा दिवस गेले. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "अगं, अक्षर राहू दे. नुसतं सांग. भाकरी म्हणलं की पैला आवाज कोणता येतो?"

इंदूने नीट विचार केला. मग म्हणाली, "थप."

आई एवढी हसली की तिच्या हातातली भाकरी फाटली. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंदूचं उत्तर बरोबर होतं. भाकरीतून पहिला आवाज थपच येतो. तिला भाकरी ही खायची वस्तू ठाऊक होती. 'भाकरी' हा तोंडातून निघणारा शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या आत आणखी लहान लहान आवाज एकामागे एक उभे आहेत, हे तिला आठ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. जो आवाज तिला सुटा ऐकूच येत नव्हता त्याला अण्णा अक्षर चिकटवत होते. मग ते चिकटणार कुठं? तिच्या पाठीवर चिकटत होतं, वळ म्हणून.

त्या दिवसापासून मी पाटी कोनाड्यात ठेवून दिली. आधी आम्ही शब्द आईच्या हाताला बांधले. एका थापेला एक तुकडा. भा, क, री, तीन थापा. पा, णी, दोन. हे इंदूला दोन दिवसांत आलं, आणि आईला एवढं आवडलं की ती शेजारणीशी बोलतानाही थापा मोजायला लागली. पण एवढ्याने भागणार नव्हतं. भा च्या आतही दोन आवाज आहेत, ते सुटे केले नाहीत तर काना म्हणजे काय हे समजत नाही, ती नुसती पुढं ओढलेली काठी राहते. इथं मी पुष्कळ चुकले. भ ने सुरुवात केली, तो तोंडातून निघाला की संपतो, धरून ठेवता येत नाही. मग म घेतला. म ओठ मिटून हवा तेवढा वेळ धरता येतो. स घेतला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतो तो आवाज. आईने वर्षाची चिंच फोडून ठेवलेली, त्यातले चिंचोके गाडग्यात भरलेले होते. ते मी काढले. एका आवाजाला एक चिंचोका. मीठ म्हटलं की इंदू ओठ मिटायची, म् म्हणून एक चिंचोका मांडायची, ई म्हणून दुसरा, ठ् म्हणून तिसरा. मग बोटाने तिन्ही चिंचोके झटकन एकमेकांजवळ सरकवायचे आणि सरकवता सरकवता म्हणायचं, मीठ. हे सरकवणं म्हणजेच वाचन. पुढं नोकरीत मी शेकडो पोरांना हे शिकवलं आणि प्रत्येक वेळी तो सरकवण्याचा क्षण आला की मी श्वास रोखून बसले. तिथं घाई केली की पोर कायमचं मागं जातं.

इंदूला तिथं पोहोचायला दीड महिना लागला. एका संध्याकाळी आईने बाजारातून आणलेल्या गुळाचा कागद फेकायला तिच्याकडे दिला. कागद वर्तमानपत्राचा होता. ती तो घेऊन उंबऱ्यात बसली, ओच्यातून चिंचोके काढले, बराच वेळ खाटखूट करत राहिली आणि आत येऊन म्हणाली, "अक्का, ह्याच्यात विहीर लिवलीय." मी बघितलं. लिहिली होती. आईने पदराने हात पुसले आणि तो तेलकट कागद उलटासुलटा करून बघितला. तिला त्यात विहीर कुठं आहे ते दिसणार नव्हतं. इंदूने तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. आई बराच वेळ बोट उचलत नव्हती. अण्णांना सांगायचं नाही असं आम्ही तिघींनी ठरवलं. तिला थोडं भरभर येऊ दे, मग एकदम दाखवू, म्हणजे ते खूश होतील. एवढाच आमचा कट होता.

पण त्याआधी तपासणी आली. तपासणीचे साहेब वर्षातून एकदा यायचे आणि त्यांच्या शेऱ्यावर अण्णांची वर्षाची झोप अवलंबून असायची. त्याची आमच्या शाळेत एक रीत होती. आदल्या दिवशी शाळा सुटताना अण्णा दहा-बारा नावं वाचायचे आणि म्हणायचे, "उद्या ह्या पोरांनी यायचं न्हाई." पोरं उड्या मारत घरी जायची, सुट्टी मिळाली म्हणून. आईबापांना यात काही वावगं वाटायचं नाही. उलट गुरुजींनीच मोकळीक दिली म्हटल्यावर कुणी पोराला कापूस वेचायला न्यायचं, कुणी म्हशीमागं धाडायचं, आणि त्यातली दोन-तीन पोरं मग तिकडचीच व्हायची. एक बाई आईला म्हणालेली मला आठवतेय. "गुरुजीच नगं म्हनले तर आमी कामून पाठवावं?"  हजेरीपटावर मात्र ही पोरं त्या दिवशी हजर असायची. सुट्टी देऊन हजर आणि हजर असून शाळेबाहेर, असं ते गणित होतं.

त्या वर्षी अण्णांनी नावं वाचली त्यात इंदूचं होतं. ती घरी आली आणि चिंचोके मोजत बसली. रात्री जेवताना अण्णा आईला म्हणाले, "इंदीला उद्या घरीच ठिव. साहेबांचं जेवण आपल्याकडं हाय, तुला हाताखाली व्हईल."  सकाळी आईने येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी टाकली, सगळ्या बोळात वास सुटला, धपाट्यांचं पीठ भिजवलं, दही घुसळून ठेवलं. आणि अण्णा धोतराचा सोगा सावरत शाळेत गेले तशी मी इंदूची वेणी घातली. मी म्हटलं, "जा तू. मागं बसून राहा. तुला येतंय आता." आईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चुलीत लाकूड सारलं. म्हणजे तिची ना नव्हती. इंदूला मी पाठवलं. कुणी विचारलं तर हे मी आजही सांगेन.

तासाभराने मी चहाची किटली घेऊन शाळेत गेले तेव्हा वर्ग खणखणत होता. साहेब खुर्चीत बसलेले, पोरं हात मागं बांधून धडा म्हणत होती, अण्णा भिंतीपाशी रूळ घेऊन उभे. साहेब वाईट नव्हते. कंटाळलेले होते. चहा ओतून मी दारात थांबले आणि बघते तर साहेबांची नजर मागच्या ओळीवर गेलेली. सगळ्या वर्गात एकच तोंड बंद होतं. "ती मुलगी का म्हणत नाही?" ते म्हणाले आणि त्यांनी बोटाने इंदूला पुढं बोलावलं. अण्णांना ती आलीय हे तेव्हाच कळलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, मान ताठ झालेली दिसली. साहेबांनी पुस्तक उघडलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मिटलं, खिशातून सुपारीची पुडी काढली, सुपारी हातात घेतली आणि तो वर्तमानपत्राचा तुकडा तिच्यापुढं धरला. "हे वरचं मोठं अक्षर वाच बाळ."

इंदूने तो कागद दोन्ही हातांनी घेऊन खाली जमिनीवर ठेवला आणि मांडी घालून बसली. "का," ती म्हणाली. "ल." ही अक्षरं तिला आता चिंचोक्यांशिवाय येत होती. पुढं जोडाक्षर होतं, तसं तिच्यापुढं कधीच आलं नव्हतं. तिने ओच्यात हात घातला. मला दारातून तिचा हात दिसत होता. तिने एक चिंचोका मांडला. "व्." दुसरा मांडला. "य्." पोरं खुसखुसायला लागली. तिने मान वर केली नाही. तिसरा चिंचोका. "आ." आणि बोट पुढं केलं, सरकवायला. साहेब खुर्चीतून थोडे वाकले होते. "थांबा गुरुजी, ती काहीतरी करतेय," असंही ते म्हणाले. मी ऐकलं. दारात उभ्या असलेल्या मला ऐकू आलं म्हणजे अण्णांनाही ऐकू गेलं.

अण्णा दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी वहाणेने ते तीन चिंचोके बाजूला लोटले. "खेळायला आलीस का इथं?" मग साहेबांकडे वळून, हसून, स्वच्छ भाषेत म्हणाले, "साहेब, ही मुलगी पटावर नाही. गावातली अशी एखादी येऊन बसते."

पटावर नाही म्हटल्यावर साहेबांचा तिच्याशी संबंध संपला. त्यांनी कागद उचलला, घडी घातली, सुपारी पुन्हा त्यात बांधली. माझ्या हातात किटली होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं की ही गुरुजींची मुलगी आहे आणि तिला वाचता येतंय. सात-आठ शब्द. आणि मला परभणी दिसली, आत्याचं घर, आठवीचा वर्ग, तो "बघू" शब्द. मी किटली घेऊन मागं फिरले. लोकांना वाटतं मला फक्त अण्णांचा राग आहे.

साहेब जेवले. आमटीला नावाजलं, धपाटे मागून घेतले. इंदू तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी होती. अण्णा "पाणी आण गं" म्हणाले तेव्हा मी उठले, कारण साहेबांनी तिला ओळखलं असतं. आपल्या घरात आपलीच पोर लपवून ठेवायची वेळ आली होती आणि आई धपाट्याला तूप लावत होती. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, विद्यार्थ्यांचे वाचन स्पष्ट व खणखणीत आहे. अण्णांनी संध्याकाळी ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. मोरीपाशी भांडी घासत असलेली इंदू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, ते कालव्याचे पाणी व्हतं. साहेब घडी घालताना मी पुढचं बगितलं." तिचे हात राखेने भरलेले होते. ती खूश होती. आपल्याला आलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. मी अण्णांपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, तिला येतंय वाचायला. तुमी घाई केली. आत्ता इचारा तिला."

"एका अक्षराला किती येळ लावती ती?" अण्णा म्हणाले. "साहेब काय मुक्कामाला आलता का?"

"पण ती पटावर न्हाई म्हणून कामून सांगितलं?"

 अण्णांनी चष्मा काढला, पुसला. त्यांना वाईट वाटलं असावं, मी नाही म्हणत नाही. पण हजेरीपट सोडला तर माझे वडील खोटं कधी बोलत नसत. हे गावात कुणीही सांगेल. बाजारात पाव छटाक जास्त आलं तर परत नेऊन देणारा माणूस. आपल्या तोंडून साहेबापुढं खोटं गेलं हे त्यांच्या मनाला खात राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी ते खरं केलं. हजेरीपटावर इंदूच्या नावावर लाल शाईची रेघ मारली. दुपारी घरी येऊन आईला म्हणाले, "सायबापुढं बोललो ते बोललो. आता ती पटावर राहिली तर मी खोटा पडतो. तसंबी तिला डोकं न्हाई. घरकाम शिकव." आईने त्यांचं ताट वाढलं. जेवताना पंख्याने वारा घालत शेजारी बसायची तिची रोजची सवय होती. त्या दिवशी ती बसली नाही, आणि नंतरही कधी बसली नाही. बोलली मात्र एक शब्द नाही. या न बोलण्याचं आमच्या भागात फार कौतुक होतं, सोशिक बाई म्हणतात. मला ते कौतुक कधी पटलं नाही. बोलायला हवं होतं तिने. मीही.

जूनमध्ये मला परभणीला पाठवलं. मी शिकले, शिक्षिका झाले, पाथरीच्या आसपासच्या खेड्यांतून तीस-बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग मागून घेतला. माझ्या टेबलावर चिंचोक्यांचा डबा असायचा. तपासणीच्या दिवशी मी एकाही पोराला घरी ठेवलं नाही, उलट कच्ची पोरं पुढच्या ओळीत बसवायची. त्यामुळे माझ्या शेरेबुकात खणखणीत असा शब्द कधी आला नाही, 'वाचनाचा वेग कमी' असा आला. एकदा तर तीन वर्षं लागोपाठ आला. परवा शिक्षकांच्या एका शिबिरात मला म्हातारी म्हणून पुढं बसवलं होतं. तिथं एक बाई प्लास्टिकच्या रंगीत चकत्या मांडून दाखवत होत्या, एका आवाजाला एक चकती. नवी पद्धत म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. पद्धत चांगलीच आहे. माझी बहीण त्या पद्धतीने आठव्या वर्षी वाचायला शिकली होती आणि त्यासाठीच तिचं नाव पटावरून गेलं, हे तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

इंदूचं सोळाव्या वर्षी लग्न झालं. तिने वाचन सोडलं नाही. वाण्याकडून आलेला प्रत्येक कागद ती घडी उलगडून वाचते, खताच्या पोत्यावरचं वाचते, आपल्या तिन्ही पोरांना तिने शाळेत घालायच्या आधी चिंचोक्यांवर वाचायला बसवलं. पण परीक्षा नाही, दाखला नाही. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा तिला शाळेचा कागद मागितला. कागद कुठून आणणार? ती तशीच परत आली.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे पाथरीला राहायला आले. पुढं त्यांची दृष्टी गेली, दोन्ही डोळे. जन्मभर सकाळी पेपर वाचल्याशिवाय चहाला हात न लावणारा माणूस, त्यांचे फार हाल झाले. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. एका हिवाळ्यात त्यांचं दुखणं वाढलं म्हणून इंदू महिनाभर येऊन राहिली. तिने त्यांचं सगळं केलं, अंघोळ घातली, घास भरवले, कधी कपाळाला आठी नाही. एक दिवस मला उशीर झालेला. मी दारात चपला शोधत होते. अण्णा खाटेवर बसलेले, पेपर त्यांच्या मांडीवर. ते म्हणाले, "इंदे, अक्काला घाई हाय. तूच वाच की आज. मला ठाव हाय तुला येतंय ते. सावकाश वाच, माय. मला काय गडबड न्हाई."

इंदूने पेपर हातात घेतला. पहिल्या पानावरून तिची नजर फिरली, तिचे ओठ हलले, मी बघितलं, तिने वरची मोठी ओळ मनात वाचून काढली. मग तिने पेपरची नीट घडी घातली आणि अण्णांच्या मांडीवर ठेवली.

"मी पटावर न्हाई, अण्णा," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.

अण्णांचा हात पेपरवर तसाच होता. त्यांनी मान माझ्या चपलांच्या आवाजाकडे वळवली. दोन ओळी वाचायला मला किती वेळ लागला असता? आतून थापांचा आवाज यायला लागला. मी पिशवी खांद्याला लावली आणि शाळेला निघाले.